‘मिंट’ लिहिलंत तिथंच वाद सुरू झाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका खेळाडूचं रूकी कार्ड, म्हणजे त्याच्या पदार्पणाच्या काळातलं संग्राह्य कार्ड, ‘मिंट’ (जणू नवंकोरं) असं लिहून ऑनलाइन विकलंत. दोन महिन्यांनी घेणाऱ्याचा निरोप आला: ‘ग्रेडिंगला पाठवलं होतं, दहापैकी ८ मिळाले. तुम्ही फसवलंत, पैसे परत करा.’ त्याच सुमारास तुम्ही स्वतः मागवलेल्या कार्डावर फोटोत न दिसलेली आडवी घडी निघाली, आणि विकणारा म्हणतोय, ‘फोटो बघूनच घेतलंत ना?’ विकताना मीच खोटा आणि घेतानाही मीच मूर्ख, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. आणि हा उद्योग आता बंद करावा का, असंही.

मी वीसेक वर्षं कार्डं घेतो आणि विकतो. हे दोन्ही प्रसंग माझ्यावर येऊन गेलेत, एकेकदा नव्हे. म्हणून आधी तुम्हाला न आवडणारं सांगून टाकतो. विक्रीत चूक तुमची आहे. लबाडी नाही, चूक. आणि ती एका शब्दात आहे.

तुमच्या मनात ‘मिंट’ म्हणजे पाकिटातून काढलं, मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातलं, पुन्हा हात लावला नाही. पण या बाजारात तो शब्द केव्हाच कुणाच्या तरी मालकीचा झालाय. पीएसए ही ग्रेडिंग करणारी, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून आकडा देणारी कंपनी. तिच्या मोजपट्टीत १० म्हणजे जेम मिंट, ९ म्हणजे मिंट, ८ म्हणजे निअर मिंट-मिंट, ७ म्हणजे निअर मिंट. असं उतरत उतरत ‘गुड’ हा शब्द लागतो तो थेट २ वर. ‘गुड’ म्हणजे कोपरे गोल झालेलं, रंग उडालेलं, घड्या पडलेलं कार्ड. नवा माणूस भाबडेपणानं ‘गुड कंडिशन’ लिहितो आणि चांगलं कार्ड कुणी बघतही नाही म्हणून हळहळतो. तुम्ही ‘मिंट’ लिहिलंत, तर जाणकारानं ९ वाचले. मनात त्याच्या १० असणार, तो भाग वेगळा.

आणि पाकीट फोडल्या फोडल्या कार्ड ८ चं असू शकतं. कापताना पातं बोथट असेल तर कडेला तूस राहतं. छपाईचा ताव जरासा सरकला की चित्र एका अंगाला जातं. पाकिटात भरतानाच कोपरा दबतो. हात न लावलेलं कार्ड निर्दोष असतंच असं नाही, हे मला पटायला बरीच वर्षं आणि बरीच ग्रेडिंग फी गेली.

बहुतेक चिडचिडीचं मूळ इथंच आहे. खेळाडू तोच, वर्ष तेच, कार्डाचा क्रमांक तोच. किंमत मात्र अवस्थेवर, आणि अवस्था म्हणजे केसाच्या रुंदीच्या गोष्टी. त्या फोटोतून दाखवायच्या आणि एकमेकांना कधीच न भेटलेल्या दोन माणसांनी त्यावर एकमत करायचं. भांडणं होतात याचं नवल नाही.

आता मी कार्ड कसं बघतो ते सांगतो, कारण हे एक जमलं तर निम्मे वाद मिटतात. खोलीतले दिवे घालवायचे, टेबलावर एकच दिवा ठेवायचा, तोही डोक्यावर नको, बाजूला. हात धुऊन कोरडे करायचे. कार्ड स्लीव्हबाहेर काढायचं, दोन लांब कडांना धरायचं आणि हळूहळू असं कलतं करायचं की उजेडाचा पट्टा वरून खाली सरकत जाईल. समोरून काचेसारखं स्वच्छ दिसणारं कार्ड या पट्ट्यात सगळं कबूल करतं: बारीक ओरखडे, बोटांचे ठसे, दाबाचा खळगा, छपाईची सरळ रेघ. मग कार्ड उलटून मागचे कोपरे बघायचे. पांढरा ठिपका मागच्या बाजूला, गडद रंगावर, आधी दिसतो. कार्डाला गडद किनार असेल तर पुढूनही लपत नाही. शेवटी सेंटरिंग, म्हणजे चित्र मधोमध बसलंय का. डावी-उजवी किनार पट्टीनं मोजा. दोन्हींची बेरीज शंभर धरली तर एकीचे किती आणि दुसरीचे किती, तेवढंच गणित. ५५/४५ डोळ्याला जवळपास सरळच दिसतं. ६५/३५ असेल तर १० चं स्वप्न तिथंच सोडा, कोपरे कितीही टोकदार असोत.

एक क्रोम, म्हणजे चकचकीत पृष्ठभागाचं कार्ड मी असाच ट्यूबलाइटखाली बघून ‘निर्दोष’ लिहून विकलं होतं. घेणाऱ्यानं शिवीगाळ केली नाही, नुसता बारा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. कार्ड कलतं झालं आणि खेळाडूच्या खांद्यापासून खालच्या किनारीपर्यंत एक रेघ चमकून गेली. कारखान्यातलीच रेघ ती, पण माझ्या फोटोत नव्हती. पैसे परत केले. त्यानंतर कार्ड कलतं केल्याचा छोटा व्हिडिओ टाकल्याशिवाय मी काही विकलेलं नाही, आणि ‘मिंट’ हा शब्द तर वर्ज्यच केला. आता मी अवस्थेला नाव देत नाही, दोष लिहितो. ‘मागून बघता खालच्या डाव्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका. वरच्या किनारीजवळ उजेडात दिसणारा एक ओरखडा. बाकी फोटो आणि व्हिडिओत जे आहे ते.’ दोष लिहिले की गिऱ्हाईक पळेल असं वाटतं. पळतो तो, ज्याला नंतर भांडायचं असतं.

खरेदीत हेच उलटं वापरा. स्लीव्ह आणि वर टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर) अशा दोन प्लास्टिकांतून काढलेला फोटो म्हणजे घुंगट. घडी, ओरखडा, सगळं त्यात झाकलं जातं, आणि विकणारा वर ‘प्लास्टिकवरचे चरे आहेत’ म्हणायला मोकळा. मी सरळ विचारतो: स्लीव्हबाहेर, कलतं धरून एक फोटो द्याल का? प्रामाणिक माणूस दिवसभरात देतो. ‘फोटो पुरेसे आहेत’ असं उत्तर आलं की मी निघतो. आणि स्वतःला एक प्रश्न विचारायचा: ज्या कार्डाच्या १० ग्रेडला ग्रेड न केलेल्या कार्डाच्या कित्येक पट भाव आहे, ते हा माणूस ग्रेड न करता का विकतोय? कधी त्याला खरंच घाई असते. बरेचदा त्यानं माझ्यासारखाच दिवा लावून आधी बघितलेलं असतं. चांगली निघाली ती ग्रेडिंगला गेली, उरलेली आपल्यापुढं आलीत. कधी तर ७ मिळालेलं कार्ड स्लॅब, म्हणजे ग्रेडिंग कंपनीची सीलबंद प्लास्टिक डबी, फोडून पुन्हा ‘रॉ’ (ग्रेड न केलेलं) म्हणून फिरत असतं.

मग ग्रेड केलेलंच घ्यावं का? महाग कार्डाला हो, पण देव मानून नको. ग्रेड म्हणजे एका माणसाचं त्या दिवशीचं मत. तेच कार्ड फोडून पुन्हा पाठवलं तर वेगळा आकडा येऊ शकतो, आणि ९ चे १० होतील या आशेवर जगणारी मंडळी मी पाहिलीत. २०२० ते २१ मध्ये कार्डांचं इतकं वेड लागलं की मार्च २०२१ मध्ये पीएसएला साचलेल्या ढिगापायी आपल्या बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या. ढीग उपसताना प्रत्येक कार्डाला किती शांतपणे बघितलं जात असेल, याचा अंदाज आपला आपण करावा.

आणि जुना बेसबॉलपटू होनस वॅगनर याचं टी२०६ मालिकेतलं कार्ड विसरू नका. १९०९ ते ११ मधली सिगारेटच्या पाकिटातली ही मालिका. त्यातलं जे सर्वांत प्रसिद्ध वॅगनर, जे १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीनं भागीदारीत लिलावात घेतलं, ते पीएसएनं अगदी सुरुवातीला ग्रेड केलेल्या कार्डांपैकी. ग्रेड ८. पुढं लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला नियमानं आकडा मिळायलाच नको. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कार्डाची ही कथा, तर तुमच्या-माझ्या ८ वर किती जीव टाकायचा!

नकली मालाबद्दल. १९८६ च्या फ्लीअर कंपनीच्या संचातलं बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं ५७ क्रमांकाचं कार्ड इतक्यांनी छापलंय की ग्रेड न केलेलं दिसलं तर मी खोटं धरूनच सुरुवात करतो. दहा-पंधरापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. अस्सल छापील कार्डात चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं सहसा भरीव, कडा स्वच्छ. कार्ड स्कॅन करून छापलेलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात. त्याच संचातलं एखादं स्वस्त कार्ड शेजारी ठेवून जाडी, चमक, मागच्या बाजूचा रंग ताडून बघायचा. पुस्तकी माहितीपेक्षा याचा उपयोग जास्त. स्लॅबही नकली असतात. स्लॅबवरचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर घातला तर बरोबर कार्ड उघडतं, कारण चोरानं खऱ्या स्लॅबचाच क्रमांक उचललेला असतो. नुसता क्रमांक जुळून भागत नाही. तिथं फोटो असेल तर ठिपका ठिपका जुळवा: सेंटरिंग, एखादा छपाईचा डाग, लेबल कुठं बसलंय.

आता भाव. या विषयावर सर्वांत जास्त लोक चिडतात आणि मला सर्वांत कमी सहानुभूती वाटते. लोक मागितलेला भाव बघतात. मागायला काय, कुणीही काहीही मागेल. बघायचं ते विकलं गेलेल्या नोंदींमध्ये, तेही तोच ग्रेड, तीच आवृत्ती, गेल्या काही आठवड्यांतली. ईबेवर ‘बेस्ट ऑफर’नं विकलेल्या कार्डाचा मूळ आकडा खोडलेला दिसतो, प्रत्यक्ष सौदा त्याच्या खाली झालेला असतो. तो खोडलेला आकडा धरून बसणारे महिनोन्‌महिने बसून राहतात. मोसमात खेळाडूला दुखापत झाली, संघाबाहेर बसवलं, की भाव आठवड्यात पडतो, आणि गेल्या महिन्याची नोंद रद्दी होते.

त्यातून कुणी तरी माळ्यावर १९८०च्या दशकाच्या शेवटची, नव्वदच्या सुरुवातीची बेसबॉल कार्डांची खोकी सापडली म्हणून विचारत येतो. त्या काळात कंपन्यांनी इतकं छापलं, आणि लोकांनी ‘पुढं भाव येईल’ म्हणून इतकं जपून ठेवलं, की आजही सीलबंद खोकी पडून आहेत. त्या काळाला जंक वॅक्स (मेणकागदाच्या पाकिटांतला भंगार माल) म्हणतात ते उगीच नाही. उलट टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या संचातली न खपलेली खोकी कंपनीचे साय बर्गर यांनी समुद्रात नेऊन बुडवल्याची हकीकत ते स्वतः सांगत असत. त्याच संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. कुणी जपून ठेवायचं म्हणून ठेवलं नव्हतं, म्हणूनच. माळ्यावरच्या माणसाला हे समजावताना मात्र माझ्या नाकी नऊ येतात.

बोली जिंकून पैसे न देणारे असतातच. त्यांच्याशी वाद घालू नका. मुदत संपली की व्यवहार रद्द करा, नाव अडवा, पुन्हा लावा. भावाच्या चौथ्या हिश्शात मागणी करणाऱ्याला उत्तर द्यायचीही गरज नाही. विकणाऱ्याचेच साथीदार बोली चढवतात, याचा संशय आला तर पुरावा शोधत बसू नका, आपला आकडा आधी कागदावर लिहा आणि त्यावर जाऊ नका. फी मात्र नीट मोजा. मोठ्या बाजारपेठा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त घेतात, आणि ईबेवर तो टपालखर्च धरून झालेल्या एकूण रकमेवर लागतो. स्वस्त कार्डात कष्टाचं सोडाच, कव्हरचेही पैसे सुटत नाहीत. मी अशी कार्डं एकेक विकणं सोडलं, खेळाडूनुसार गठ्ठे करून देतो.

पॅकिंगवर जरा थांबतो, कारण वाटेत मोडलेली बहुतेक कार्डं टपालानं नव्हे, पाठवणाऱ्यानं मोडलेली असतात. आधी मऊ स्लीव्ह. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये सरकवलेलं कार्ड आत-बाहेर होताना घासतं, आणि त्यातला एखादा कण पृष्ठभागावर कायमची रेघ ओढतो. स्लीव्हमध्ये घालतानाही कोपरा काठावर अडकतो, म्हणून स्लीव्हचं तोंड बोटानं किंचित फुगवून कार्ड सोडायचं. मग जाडीप्रमाणे टॉपलोडर. नेहमीच्या कार्डाला ३५ पॉइंटचा (पॉइंट हे जाडीचं माप). जर्सीचा तुकडा बसवलेलं जाड कार्ड त्यात कोंबलं तर कडा गेल्याच. टॉपलोडरच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी कधीही नको. ती काढताना गोंद राहतो, आणि घेणारा वैतागून झटका देतो तेव्हा कार्ड बाहेर उडतं. रंगाऱ्याची निळी कागदी पट्टी लावा, तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे नखानं उचकावं लागत नाही. मग टॉपलोडर छोट्या पिशवीत, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, पुठ्ठ्याचे तुकडे कार्डापेक्षा चारी बाजूंनी थोडे मोठे, आणि हे सगळं बुडबुड्यांच्या लिफाफ्यात. लिफाफा हलवून बघा. आत काही सरकत असेल तर अजून बांधून झालेलं नाही. उलट टोकही असतं. मला एकदा एक कार्ड इतक्या पट्ट्यांत गुंडाळून आलं होतं की कात्री चालवावी लागली, आणि कात्रीचं टोक टॉपलोडरवर कधी गेलं कळलंच नाही. सुदैवानं कार्ड वाचलं.

किमतीच्या कार्डाला ट्रॅकिंग आणि विमा असावाच. पार्सल बांधताना आणि उघडताना व्हिडिओ घ्या, मध्ये न थांबवता, पत्त्याच्या चिठ्ठीपासून कार्डापर्यंत. हे वेडेपणाचं वाटेल, पण परत आलेलं कार्ड तेच आहे का, हा प्रश्न माझ्यावर एकदा आलाय. मी चांगलं पाठवलं, परत आलं ते मऊ कोपऱ्याचं दुसरंच. क्रमांकित (प्रत्येक प्रतीवर वेगळा क्रमांक छापलेलं) कार्ड नव्हतं, स्लॅब नव्हता. वाचलो ते एका ठिपक्यामुळं. माझ्या फोटोत खेळाडूच्या गुडघ्याशेजारी छपाईतला एक पांढरा गोल डाग होता. परत आलेल्यात नव्हता. दोन फोटो शेजारी ठेवून पाठवले आणि निकाल माझ्या बाजूनं लागला. तेव्हापासून दर कार्डावर असा एक जन्मखूण म्हणावा असा डाग शोधून ठेवतो आणि त्याचा जवळून फोटो घेतो. आणि पैसे नेहमी अशाच मार्गानं घ्या-द्या, जिथं तक्रार करता येते. ‘मित्राला पाठवल्यासारखे पाठवा, फी वाचेल’ असं अनोळखी माणूस म्हणाला, तर फी वाचेल आणि बाकी सगळं जाईल.

आता तुमचे दोन प्रश्न. घडीच्या कार्डाचं सोपं आहे. फोटोत न दाखवलेली, वर्णनात न लिहिलेली घडी म्हणजे वर्णनाशी न जुळणारा माल. ‘फोटो बघून घेतलंत’ हे उत्तर टिकत नाही, कारण फोटोत ती नाहीच. विकणाऱ्याशी चर्चा वाढवू नका. कलत्या उजेडातला व्हिडिओ जोडून बाजारपेठेकडे मुदतीत रीतसर तक्रार टाका. मुदत चुकली तर मग खरंच काही हाती लागत नाही.

ग्रेड ८ मिळालेल्याला पूर्ण परतावा देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, असं माझं मत. त्यानं कार्ड तपासलं, ठेवून घेतलं, स्वतःच्या भरवशावर तिसऱ्याकडे पाठवलं. १० आले असते तर तुम्हाला वाटा मिळाला नसता. पण ‘मिंट’ तुम्ही लिहिलंत, म्हणून हात वर करून मोकळं होणंही मला पटत नाही. तुमच्या जागी मी असतो तर एवढंच लिहिलं असतं: ‘ग्रेडची हमी मी दिली नव्हती, तिची जबाबदारी घेत नाही. मात्र ‘मिंट’ हा शब्द मी सैलपणे वापरला. ग्रेड न केलेल्या ८ च्या कार्डाला तुम्ही घेतलंत त्या आठवड्यात जो भाव होता आणि तुम्ही जे दिलंत, त्यातला फरक परत करतो. ग्रेडिंगची फी तुमची.’ फरक बहुधा तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा कमी निघेल. दोन विक्रीच्या नोंदी जोडा, म्हणजे आकड्यावर घासाघीस होणार नाही.

बंद करायचं का, ते मी कसं सांगू? मी दोनदा बंद केलं होतं. दुसऱ्यांदा सुरू केलं ते एका पाकिटामुळं. कुणा अनोळखी विकणाऱ्यानं माझ्या कार्डाबरोबर त्याच खेळाडूची चार स्वस्त कार्डं न मागता टाकली होती, प्रत्येक स्वतंत्र स्लीव्हमध्ये, आणि निळ्या पट्टीचं टोक दुमडलेलं होतं.